टोमॅटोच्या राड्यात पहिल्यांदा उतरताना: बुन्योलला जाणाऱ्यांसाठी

टोमॅटिनाला, म्हणजे स्पेनमधल्या टोमॅटोफेकीच्या उत्सवाला, पहिल्या वेळी मी पायात फ्लोटर घालून गेलो होतो. पावसाळ्यात लोणावळ्याला चालतात, तर इथे का नाही, असा साधा हिशेब. राडा सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत डावा फ्लोटर टोमॅटोच्या लगद्यात रुतला, मागून लोंढा आला, मी पुढे गेलो आणि फ्लोटर मागेच राहिला. उरलेला वेळ एका अनवाणी पायाने काढला. दुपारी तापलेल्या डांबरावरून बसपर्यंत चालताना अनवाणी वारी करणाऱ्यांबद्दलचा आदर दुणावला. दुसऱ्या वेळी सगळं नीट केलं. तेव्हा दोन्ही वेळचं शहाणपण इथे एकत्र देतो.

स्पेनमधल्या बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी एकमेकांना टोमॅटो मारतात, हे आपल्याकडे आता कुणाला सांगावं लागत नाही. २०११ सालच्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या तीन मित्रांच्या हिंदी सिनेमानं ते काम करून ठेवलंय. मात्र तो प्रसंग सिनेमासाठी वेगळा उभा केलेला होता. नटांना हात फिरवायला, लोळायला, नाचायला ऐसपैस जागा होती. खऱ्या बुधवारी तुम्ही दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभे आहात असं समजा, आणि वरून टोमॅटो. एवढं पटत असेल तरच पुढे वाचा. गर्दीत जीव घुसमटणाऱ्यांनी, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल नाही म्हणावं. व्हॅलेन्सिया शहर तसंही सुंदर आहे.

आधी कालनिर्णय उघडा

तारीख दरवर्षी बदलते, वार बदलत नाही. २०२६ साली २६ ऑगस्ट, २०२७ साली २५ ऑगस्ट. आपल्या लोकांनी हे आपल्या पंचांगाशी ताडून बघायलाच हवं, कारण २०२५ मध्ये टोमॅटिना आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, २७ ऑगस्टला आली होती. त्या वर्षी ज्यांनी तिकीट आधी काढलं आणि कॅलेंडर नंतर पाहिलं, त्यांच्या घरी काय संवाद झाले असतील याची कल्पना करवत नाही. २०२६ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे जाऊन, न्हाऊन, कानातल्या बिया काढून मखराच्या तयारीला लागायला भरपूर वेळ आहे. राखीपौर्णिमा मात्र २८ ऑगस्टला आहे. बहिणीला आधीच सांगून ठेवा.

व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, आणि या दोन टोकांमधली जी तारीख आपल्याला हवी असते ती नेमकी मिळत नसते. उन्हाळी सुट्टीच्या हंगामात मुंबईच्या केंद्रावर अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम आहे, कागदपत्रं त्यामानाने सोपी. एप्रिल-मेमध्येच हालचाल करा. मोठ्यांसाठी अर्जाची फी ९० युरो आहे, केंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. युरोपातले दुसरे देशही फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. टोमॅटिना स्पेनमध्ये आणि बाकी दहा दिवस इटलीत असतील, तर अर्ज इटलीकडे.

सहलीचं कारण 'पर्यटन' एवढंच लिहा. माझ्या ओळखीतल्या एकाने अर्जासोबतच्या पत्रात टोमॅटो फेकण्याचं सविस्तर वर्णन केलं होतं. व्हिसा मिळाला, पण गरज नव्हती.

तिकीट, आणि तिकीट का आलं

२०१२ पर्यंत इथे कुणीही फुकट येऊन उभं राहत असे. गावाची वस्ती साधारण दहा हजारांची, आणि त्याआधीच्या वर्षांत गर्दी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाऊ लागली होती. अरुंद गल्ल्या, त्यात ट्रक. शेवटी नगरपालिकेने संख्येला मर्यादा घातली आणि तिकीट लावलं, सुरुवातीला १० युरो. आता मर्यादा वीस-बावीस हजारांच्या आसपास असते आणि २०२४ साली साधं प्रवेशाचं तिकीट १५ युरोंना होतं.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण नेटवर शोधलंत की शंभर-दीडशे युरोंची पॅकेजं आधी दिसतात. त्यात व्हॅलेन्सियाहून बस, टी-शर्ट, नंतरची पार्टी असं काय काय असतं. बसची सोय खरंच कामाची आहे, बाकीचं तुमच्या हौसेवर. मात्र 'व्हीआयपी टोमॅटो अनुभव' वगैरे वाचून भुलू नका. टोमॅटोला व्हीआयपी कळत नाही. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, छापील प्रत किंवा मोबाइलवरचा कोड दाखवून मनगटाला पट्टी बांधून घ्यायची असते, आणि पट्टीशिवाय त्या भागात सोडत नाहीत. लहान मुलांना मोठ्यांच्या राड्यात आणू नये. त्यांच्यासाठी गावात वेगळी, छोटी टोमॅटिना भरवतात, आणि ती बघायला जास्त मजा येते असं माझं मत आहे.

'अन्नाची नासाडी' या प्रश्नाचं काय

हा प्रश्न तुम्हाला घरून येणारच, तेव्हा इथेच उरकतो. एका तासात १२० ते १५० टन टोमॅटो लागतात. आपल्या हिशेबाने वीस किलोचे सहा-साडेसात हजार कॅरेट. डोक्यामागे सहा किलोच्या आसपास. पूर्वी हे टोमॅटो कास्तेयोन भागातून येत, अलीकडे पश्चिमेच्या एक्स्त्रेमादुरा प्रदेशातून ट्रक भरून येतात. आयोजक सांगतात की माल अतिपिकलेला, बाजारात न खपणारा, मुद्दाम या दिवसासाठी घेतलेला असतो. ते खरं आहे, आणि हातात घेतल्यावर कळतं: लांबट जातीचे, इतके मऊ की बोट आत जातं. तरीही प्रश्न पूर्ण सुटतो असं मला वाटत नाही. जमीन, पाणी आणि डिझेल लागलंच. २०११ मध्ये बंगळूर-म्हैसूरकडे अशीच टोमॅटोफेक भरवायचा घाट घातला गेला, तेव्हा कर्नाटक सरकारने नासाडीच्याच मुद्द्यावर परवानगी नाकारली होती. मला ते बरोबर वाटलं. परंपरा तिची जागा सोडून आली की नुसता तमाशा उरतो.

माझे मामा जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतात. नारायणगावच्या बाजारात भाव कोसळला की भरलेली कॅरेट रस्त्याकडेला ओतून घरी आलेलेही त्यांना पाहिलंय. बुन्योलचे फोटो दाखवले तर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन हातात घेऊन ट्रकचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "माल चांगला पिकलाय. रेट काय लागला?"

राहायचं कुठे, पोचायचं कसं

बुन्योलमध्ये हॉटेलं जेमतेम आहेत, ती वर्षभर आधी भरतात. राहायचं व्हॅलेन्सियात. त्या आठवड्यात तिथलेही दर चढतात, म्हणून व्हिसाच्या आधीच रद्द करता येणारी खोली पकडून ठेवा. मुंबईहून व्हॅलेन्सियाला थेट विमान नाही. आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून माद्रिद किंवा बार्सिलोना गाठायचं. माद्रिदहून वेगवान रेल्वे दोन तासांच्या आत व्हॅलेन्सियाला सोडते, बार्सिलोनाहून तीनेक तास लागतात. सोमवारी पोचा, मंगळवारी झोप काढा. मंगळवारी रात्री उशिरापर्यंत जागून बुधवारी पहाटे निघणारे मी पाहिलेत. दहा वाजता ते भिंतीला टेकून पेंगत असतात.

व्हॅलेन्सिया ते बुन्योल साधारण ४० किलोमीटर, माद्रिदच्या दिशेने. लोकल रेल्वेची सी-३ मार्गिका तिथे जाते. मात्र २९ ऑक्टोबर २०२४च्या भीषण पुरात या साऱ्या पट्ट्याला मोठा तडाखा बसला, बुन्योललाही आणि या रेल्वेमार्गालाही. तेव्हा जायच्या आठवड्यात रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर गाड्यांची स्थिती बघूनच ठरवा. अगदी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बसच सुचवेन. पहाटे निघते, गावाबाहेर सोडते, तिथून पायी. उतरल्यावर बसचा क्रमांक आणि आजूबाजूची खूण नीट बघून ठेवा. परतताना सगळ्या बस सारख्या दिसतात आणि सगळी माणसं लाल.

अंगावर काय, खिशात काय

बूट. जुने, बंद, नाडीचे, नाडी दोन गाठी मारून. पी. टी.चे कॅनव्हासचे बूट उत्तम. चप्पल, सँडल, क्रॉक्स आणि माझे फ्लोटर, सगळं बाद.

कपडे पांढरे घालायची पद्धत आहे, फोटोसाठी. नियम नाही. जुने असावेत, कारण ते परत घालणार नाही आहात. डाग एक वेळ जाईल, वास जात नाही. ढगळ कुर्ता, ओढणी, खिशाची चेन बाहेर लोंबणारी पँट टाळा, गर्दीत अडकतं. आत पोहण्याचा पोशाख घातलेला बरा. बायकांसाठी हे विशेष सांगतो. दुसऱ्याचे कपडे फाडायचे नाहीत असा इथला लेखी नियम आहे, आणि तो लिहावा लागला यातच सगळं आलं. बहुतेक गर्दी हसतखेळत असते, पण काही टोळकी टी-शर्ट ओढायला टपलेली असतात. एकट्याने मध्यभागी जाऊ नका, आपल्या चौघा-पाचजणांची कडी धरा, नकोसं काही वाटलं तर बाजूच्या गल्लीत निघून थेट पोलिसांना किंवा सुरक्षारक्षकांना सांगा. ते भरपूर असतात आणि तक्रार हसण्यावारी नेत नाहीत.

डोळ्यांना पोहण्याचा गॉगल लावा. टोमॅटोचा रस डोळ्यात चांगलाच झोंबतो. कॉन्टॅक्ट लेन्स अजिबात नको. चष्मा असेल तर दोरी बांधा किंवा नंबरचा पोहण्याचा गॉगल मिळतो तो घ्या. गॉगल पहिल्या दोन मिनिटांत बरबटतो आणि पुसायला अंगावर कोरडं काही उरत नाही. मान खाली घालून, डोळे मिटून, गॉगल कपाळावर सरकवायचा, बोटाने काच निपटायची आणि परत खाली ओढायचा. वर बघत हे केलंत तर संपलंच.

अंगठ्या, कानातलं, मंगळसूत्र, साखळी, घड्याळ हॉटेलच्या तिजोरीत. मूळ पासपोर्टही तिथेच, सोबत फक्त झेरॉक्स. पैसे म्हणाल तर वीस-तीस युरो छोट्या झिपच्या पिशवीत घालून आतल्या खिशात. फोन शक्यतो लॉकरमध्ये ठेवा. गावात त्या दिवसापुरती पैसे देऊन सामान ठेवायची सोय असते. पाणीरोधक पिशवीत घालून फोन गळ्यात अडकवणारे खूप दिसतात, पण चिकट बोटांनी पडदा चालत नाही, आणि फोन बघायला मान वाकवलीत की नेमका टोमॅटो कुठे बसतो ते मी सांगत नाही. फोटो दुसऱ्यांचे बघा.

लॉकरमध्ये ठेवायचं सामान: कोरडे कपड्यांचा एक जोड, पंचा, साधी रबरी चप्पल, आणि कचऱ्याच्या चार-पाच मोठ्या काळ्या पिशव्या. पिशव्या का, ते शेवटी सांगतो. ऑगस्टअखेरीस तिथलं ऊन तिशीच्या वर असतं, तेव्हा सकाळी निघतानाच मान, कान, पोटऱ्यांना सनस्क्रीन चोपडा. काचेच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे. म्हणून आत शिरण्याआधीच पोटभर पाणी पिऊन घ्या.

सकाळ: हॅम, खांब आणि ओरडा

आठ-नऊच्या सुमाराला गावात पोचलात की पहिलं दृश्य दुकानांचं. मुख्य रस्त्यावरच्या प्रत्येक दाराला, शटरला, बाल्कनीला निळं-पांढरं प्लास्टिक ठोकलेलं असतं. पहिल्या पावसाआधी कोकणात पडव्यांना ताडपत्र्या बांधतात, अगदी तसं. गावकऱ्यांना नमस्कार करा. 'बुएनोस दियास' म्हटलं की चेहरे उजळतात. हा त्यांच्या ग्रामदैवताच्या, म्हणजे संत लुईस बेर्त्रान यांच्या, उत्सवाचा आठवडा आहे. मिरवणुका, बँड, आतषबाजी असं बरंच काही आठवडाभर चालतं. या गावाला वाद्यवृंदांचं वेड आहे. दोन मोठे बँड आहेत आणि त्यांच्यातली चुरस पिढ्यानपिढ्यांची. एक दिवस आधी गेलात तर हे ऐकायला मिळेल. फक्त बुधवारी येणारा पाहुणा नैवेद्याला येऊन आरतीला नसणाऱ्यासारखा.

मग पालो हाबोन. गावचौकात, म्हणजे प्लाझा देल प्वेब्लोमध्ये, दोन मजली उंचीचा लाकडी खांब पुरतात, त्याला साबण चोपडतात आणि टोकाला डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम बांधतात. चढून जो काढेल त्याचं. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला हे पाहवत नाही. ना थर, ना सराव, ना खाली पाया. जो येतो तो दुसऱ्याच्या खांद्यावर, डोक्यावर, तोंडावर पाय देतो, अर्ध्यावर जातो, घसरतो आणि खालच्या पाचजणांना घेऊन पडतो. ऑस्ट्रेलियन पोरांचा एक गट आमच्यासमोर सतरा वेळा पडला. माझ्याबरोबरचा ठाण्याचा मित्र, कॉलेजात असताना चौथ्या थरावर चढणारा, हात चोळत होता: "अरे, खाली गोल करून उभे राहा ना!" पण मराठी कुणाला कळणार, आणि इंग्रजीत 'थर' म्हणजे काय ते त्याला सुचेना.

जुन्या लेखांमध्ये लिहिलेलं असतं की हॅम खाली आल्यावरच टोमॅटोफेक सुरू होते. विसरा. हॅम आलं किंवा न आलं, ट्रक वेळेवर येतात. याच वेळी गर्दी बाल्कन्यांकडे बघून 'आग्वा! आग्वा!' ओरडत असते, म्हणजे पाणी. वरून लोक बादल्या ओततात, नळ्या सोडतात. खुशाल ओरडा. तो गारवा पुढे आठवतो.

उभं कुठे राहायचं? चौकात सगळ्यात जास्त दाटी. खांब जवळून बघायचा असेल तर तिथे थांबा आणि अकराच्या आधी बाहेर पडा. पहिल्यांदा आलेल्याने काय्ये देल सिद या मुख्य रस्त्यावर, चौकापासून थोडं लांब, एखाद्या आडगल्लीच्या तोंडाशी जागा धरावी. ट्रक तिथूनही जातात, टोमॅटो तेवढेच मिळतात, आणि नको झालं तर पाठीमागे वाट असते. सोबत्यांशी चुकामूक होणारच. भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती चौकात नको.

तो तास

बारा वाजता एक मोठा बार उडतो आणि टोमॅटोफेक सुरू होते. पूर्वी अकराला उडायचा, आता दुपारी बाराला. ठीक एक तासाने दुसरा, की फेक बंद. या दोन बारांमध्ये एक जुनी भानगड दडलेली आहे. १९४५ साली याच चौकात मोठमोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत पोरांची धक्काबुक्की झाली, शेजारी भाजीचा ठेला होता, हाताला लागेल ते फेकलं गेलं. पुढच्या वर्षी पोरं घरून टोमॅटो घेऊन आली. पन्नाशीच्या दशकात, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, प्रशासनाने बंदी घातली, काहींना अटकही झाली. तेव्हा १९५७ साली गावाने टोमॅटोची अंत्ययात्रा काढली: शवपेटीत एक भलामोठा टोमॅटो, मागे शोकधून वाजवणारा बँड. पुढे बंदी उठली, पण नियमांसह. बार म्हणजे त्याच नियमांची खूण. १९८० पासून टोमॅटो नगरपालिका पुरवते. १९८३ मध्ये स्पॅनिश दूरचित्रवाणीवरच्या एका वार्तापटाने हे देशभर पोचवलं, आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटन महत्त्वाचा उत्सव म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्या बारानंतर फेकलेला टोमॅटो म्हणजे गावाने मिळवलेल्या त्या परवानगीशी बेइमानी, असं तिथले जुने लोक मानतात. तेव्हा दुसरा बार झाला की हातातला टोमॅटो खाली टाका. खरंच टाका.

बाकीचे नियम थोडके आहेत. टोमॅटो फेकण्याआधी मुठीत चेंगरायचा. अख्खा टोमॅटो जवळून लागला तर डोळा जाऊ शकतो. टोमॅटोशिवाय काहीही फेकायचं नाही, भिजलेला टी-शर्टसुद्धा नाही. ट्रकपासून लांब राहायचं.

या शेवटच्या नियमाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरा धोका टोमॅटोचा नाही, ट्रकचा आहे. पाच-सात ट्रक एकामागून एक त्या अरुंद रस्त्यातून मुंगीच्या पावलाने येतात. बाजूला कर्मचारी चालतात आणि लोकांना भिंतीशी रेटतात. त्या वेळी तुम्ही अक्षरशः भिंतीचा गिलावा होता. दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. पाय भिंतीकडे, टाचा चिकटवून. या क्षणी खाली वाकून टोमॅटो उचलायचा मोह टाळा, चाक तुमच्यापासून हातभर अंतरावर असतं. ट्रक पुढे सरकला की जागा होते आणि मागे टोमॅटोचा ढीग पडलेला असतो. मग वाका.

पहिला टोमॅटो मला उजव्या कानावर बसला. 'चप्प' आवाज, मग त्या बाजूचं सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं. कुणी मारला कळायला मार्ग नव्हता, म्हणून समोर जो होता त्याला मारला. तो एक टक्कल पडलेला जपानी गृहस्थ होता, साठीचा. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर लगदा थापला. दहा मिनिटांत रस्ता दिसेनासा होतो. वास वर्षाचं सॉस करताना स्वयंपाकघरात घुमतो तसा, फक्त उन्हात तापलेला आणि थोडा आंबलेला. वीस मिनिटांनी उताराकडच्या बाजूला लगदा घोट्याच्या वर येतो. बूट आतून भरतात आणि प्रत्येक पाऊल ओढून काढावं लागतं. गोव्यात माशेलला आषाढीनंतरचा चिखलकालो ज्यांनी खेळला आहे, त्यांना पायाखालची ती भावना लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की चिखल झोंबत नाही.

पडलात तर घाबरू नका, हात वर करा, कुणीतरी उचलतंच. दुसरं कुणी पडलं तर तुम्ही उचला. अर्ध्या तासानंतर बहुतेकांचा जोर ओसरतो आणि लोक नुसते उभे राहून गातात, किंवा शांतपणे शेजाऱ्याच्या खिशात टोमॅटो भरतात. तेव्हा निघालात तरी काही गमावत नाही. मी दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटांनी बाहेर पडलो आणि अंघोळीच्या रांगेत पहिल्या पन्नासात होतो.

नंतरची धुलाई

दुसरा बार झाला की अग्निशमन दलाच्या पाण्याच्या गाड्या येतात आणि रस्ते धुऊन काढतात. टोमॅटोतल्या आम्लाने फरसबंदी घासूनपुसून लख्ख निघते. दुपारी तीन-चारला त्याच चौकात आलात तर सकाळी काय झालं ते ओळखू येणार नाही.

माणसं धुण्यासाठी नगरपालिका तात्पुरत्या शॉवरची सोय करते, काहीजण ओढ्याकाठी जातात. पण खरी अंघोळ घालतात ते गावकरी. चौकातून वर चढणाऱ्या गल्लीत एका दारात सत्तरीच्या एक आजी बागेची नळी घेऊन उभ्या होत्या. काळा झगा, पायात गमबूट. पुढे आलेल्या प्रत्येकाला खांद्याला धरून गोल फिरवायच्या, मान खाली दाबायच्या, कानामागे स्वतःच्या बोटाने खरवडायच्या आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकलायच्या. माझी पाळी आली तेव्हा केसांतून टोमॅटोचं एक अख्खं साल काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं आणि जीभ 'च्च' अशी वाजवली. माझी आई शिकेकाईच्या दिवशी अगदी अशीच वाजवायची. यासाठी कुणी पैसे मागत नाही. 'मुचास ग्रासियास' म्हणा, आणि पुढच्याला जागा द्या. त्यांचं दार, भिंत, कुंड्या यांना हात लावू नका, त्या नंतर त्यांनाच धुवायच्या असतात.

मग पोटपूजा. शाकाहारी लोकांनी सावध राहावं, कारण व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध भातात, कोंबडी आणि ससा असतो. 'पाएया दे वेर्दुरास' मागा. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाविना, एवढं सांगून भागत नाही. हॅम आणि ट्यूना यांना तिथे पुष्कळजण मांसात धरत नाहीत, तेव्हा 'नी हामोन, नी आतून' हेही जोडा. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. संध्याकाळी व्हॅलेन्सियात परतल्यावर ओर्चाता प्या, एका कंदापासून काढलेलं दुधाळ, गार पेय. सोबत फार्तोन नावाचा लांब मऊ पाव बुडवून खातात. त्या दिवशी त्याच्याइतकं काही गोड लागत नाही.

आता त्या काळ्या पिशव्या. बसवाले ओल्या, लाल माणसाला गाडीत घेत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बस गाठण्याआधी कोरडे कपडे चढवा, ओले पिशवीत कोंबून गाठ मारा, आणि एक पिशवी फाडून आसनावर अंथरा. केस कितीही धुतले तरी मान टेकवायच्या जागी पंचा टाका. कानातली शेवटची बी मला शुक्रवारी सकाळी सापडली, त्याआधी दोन दिवस ऐकू येतंय ना हे तपासत होतो.

बूट परत आणायचे नाहीत. चौकाबाहेर ठिकठिकाणी मोठे कचऱ्याचे डबे ठेवलेले असतात, तिथेच सोडा. माझा उरलेला उजवा फ्लोटर मी पहिल्या वर्षी अशाच एका डब्यात टाकला. डबा काठोकाठ भरला होता, चपला, सँडल, फ्लोटर, आणि जवळजवळ सगळे एकेकटे.